दुरुस्ती पोहोचेपर्यंत

श्रीमती मंदाकिनी टेंभरे मॅडम यांची आणि माझी पहिली ओळख एका तक्रार अर्जावर झाली. अर्ज त्यांच्याविरुद्ध होता आणि चौकशीसाठी माझ्याकडे आला होता. या गौरवग्रंथात ज्यांचे लेख आहेत त्यांतील बहुतेक जण मॅडमचे विद्यार्थी आहेत, काही शाळेतील सहकारी आहेत. मॅडमवर संशय घेण्याचे काम ज्याला रीतसर नेमून दिले गेले असा मी एकटाच असेन. म्हणून आदर राखून, पण घडले तसे लिहितो.

मी पोलीस हवालदार. गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यातले, केशोरीजवळचे. मला टायपिंग बरे येते, एवढ्याच कारणाने आमच्या ठाण्यात संगणकाशी संबंधित सगळ्या तक्रारी माझ्या टेबलावर येऊ लागल्या. टेंभरे मॅडमविरुद्धचा अर्ज गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यातील जायस्वालजींचा होता. त्यांचे ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचे आणि झेरॉक्सचे दुकान आहे. त्यांचे म्हणणे असे की, शेजारी राहणाऱ्या मॅडम दुकानात आल्या, जुन्या संगणकावर त्यांनी कसलेसे पान उघडले आणि इंटरनेटचा ब्राउझर तीन वेळा आपोआप बंद पडला. त्याच आठवड्यात जायस्वालजींचा ईमेल कोणीतरी ताब्यात घेतला. त्या ईमेलमध्ये गिऱ्हाइकांची आधार कार्डे होती, मुलींचे फोटो होते, दाखले होते. "मैडम ने मेरे कंप्यूटर में कुछ डाल दिया है," असे त्यांनी मला सांगितले आणि आवाज उतरवून पुढे म्हणाले, "दिन भर दरवाज़ा बंद रखती हैं, साहब."

मॅडम तेव्हा नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. देवरी तालुक्यातील एका शाळेत तीस वर्षे गणित शिकवून त्या कुडव्यात दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहत होत्या. मी साध्या कपड्यांत गेलो. भाचीला गणिताची शिकवणी लावायची आहे, असे सांगितले. मॅडमनी दार उघडले. मात्र त्याआधी टेबलावरचा लॅपटॉप मिटला. ते मी खिडकीतून पाहिले होते. त्यांनी चहा ठेवला. भाचीचे नाव विचारले, इयत्ता विचारली, कोणता धडा अडतो ते विचारले. मी नववी म्हणालो आणि धडा अपूर्णांकांचा सांगितला. अपूर्णांक नववीच्या कितीतरी आधी शिकवतात, हे मला सुचले नाही. मॅडमनी कप माझ्यापुढे ठेवला.

"साहेब, चौकशीले आले असान तं चौकशीच करा," त्या म्हणाल्या. "भाचीले कायले मधात आणता?"

मग मी सरळ विचारले. जायस्वालजींच्या संगणकावर तुम्ही बसला होता का? हो. काही उघडले का? हो, एक पान. कसले पान? यावर त्या थांबल्या.

"ते आता सांगता येत नाही. दुरुस्ती सगळ्यांपर्यंत पोचली का मंग सांगीन. आठेक दिवस लागतीन."

माझ्या नोकरीत "मग सांगतो" म्हणणारे पुष्कळ भेटले. त्यांपैकी प्रत्येकाला वेळ हवा असतो, आणि वेळ कशासाठी हवा असतो तेही मला माहीत आहे. मी त्यांना तसे बोलून दाखवले. त्या रागावल्या नाहीत. सगळ्या घरांना एकाच कारखान्याचे कुलूप आहे आणि त्या कुलपात खोट आहे हे आपल्याला कळले, तर चौकात उभे राहून सांगायचे का, असे त्यांनी मला विचारले. घरवाल्याच्या आधी चोर ऐकेल. आधी कारखान्याला कळवायचे, नवी कडी घरोघर बसवून घ्यायची आणि मगच बोलायचे. समजावणे चांगले होते. आरोपीने चांगले समजावले की माझा संशय वाढतो, तसा तो वाढला.

दुसऱ्या दिवशी मी देवरीकडची बस धरली. मुख्याध्यापकांनी मॅडमची स्तुती केली. मुख्याध्यापक सगळ्यांचीच करतात, म्हणून ती मी लिहून घेतली नाही. शिपायाने मात्र एक गोष्ट सांगितली. शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना मुली संगणकावर बसल्या की टेंभरे मॅडम मध्येच उठत आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहत. असे का, ते त्याला ठाऊक नव्हते. मी डायरीत नोंद करून खाली रेघ ओढली. मग गावातच अंगणवाडीत काम करणारी त्यांची एक जुनी विद्यार्थिनी भेटली. तिने उलगडा केला. मुलींना पासवर्ड स्वतःच्या हाताने टाकावा लागे आणि तेवढा वेळ मॅडम पाठ फिरवत. ती एकदा म्हणाली होती, मॅडम, माझ्या लक्षात राहत नाही, तुम्हीच लिहून ठेवा. त्यावर मॅडम म्हणाल्या होत्या, "आन उद्या माहीच नियत फिरली तं?"

हे वाक्यही मी डायरीत लिहिले. स्वतःच्या हेतूविषयी इतके उघड बोलणारी व्यक्ती एकतर फार सरळ असते किंवा फार पोचलेली. त्या बसमध्ये परत येताना मला दुसरीच शक्यता अधिक वाटत होती, हे आज कबूल करतो.

माझा अहवाल वाचून वरिष्ठांनी लॅपटॉप जप्त करण्यास सांगितले. मी दोन पंच घेऊन गेलो. मॅडमनी हरकत घेतली नाही. लॅपटॉप, चार्जर आणि आपल्या हाताने लिहिलेल्या तीन वह्या टेबलावर ठेवल्या. फक्त काही प्रश्न विचारले. हे तुम्ही कुठे ठेवणार? कोण उघडणार? त्यातली फाइल कोणकोणत्या संगणकावरून पुढे जाणार? आणि शेवटी म्हणाल्या, "तुमच्या ठाण्यातला ब्राउझर कधीचा आहे, तेवढं पाहून या. मंग न्या."

जप्ती अर्धवट सोडून जाणे नियमात बसत नव्हते. मी पंचांना तिथेच बसवून ठाण्यात फोन लावला आणि आमच्या लिपिकाला पाहायला सांगितले. तो म्हणाला की ब्राउझर रोज अपडेट मागतो आणि आपण रोज "नंतर" दाबतो. का दाबतो? कारण मागे एकदा अपडेट केले तेव्हा मराठी टायपिंग बिघडले होते. कधीपासून दाबतो? ते त्याला आठवत नव्हते. वर्ष तरी झाले असेल, म्हणाला.

मी फोन ठेवला. मॅडमवर माझा विश्वास बसला असे नव्हे. आमच्या संगणकावरचा मात्र उडाला. मी लॅपटॉप नेला नाही. वरिष्ठांची बोलणी खाल्ली आणि आठ दिवसांची मुदत मिळवली. अटी कडक होत्या. मॅडमनी गोंदिया सोडायचे नाही, लेखी जबाब द्यायचा आणि रोज अकरा वाजता ठाण्यात येऊन सही करायची.

मॅडम रोज स्कूटीवर येत. पहिल्या दिवशी दारावरचा शिपाई त्यांचा विद्यार्थी निघाला. तो पाया पडायला वाकू लागला तेव्हा त्यांनी त्याला थांबवले आणि ड्युटीवर आहेस, असे बजावले. सही करून झाली की बाकावर बसून त्या भावाला फोन करत. त्यांचे बोलणे पोवारी बोलीत चाले आणि मला ते निम्मेच कळे. तिसऱ्या दिवशी मी पोवारी येणाऱ्या एका सहकाऱ्याला मुद्दाम जवळ उभे केले. त्याने ऐकले आणि मला सांगितले की भाताच्या रोवणीला बाया मिळत नाहीत, एवढाच विषय आहे. मी त्याला चौथ्या दिवशीही उभे केले.

या दिवसांत मॅडमचे काय चालले होते, ते मला पाचव्या दिवशी अचानक कळले. त्या गल्लीतील चार मुलींना दुपारी गणित शिकवत असत. पहिली सही झाली त्या दिवसापासून एकही मुलगी आली नव्हती. मॅडमनी हे तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. दुपार मोकळी झाली, कामाला बरी पडते, असे म्हणाल्या आणि स्कूटीला किल्ली लावली. मी डायरीत काही लिहिले नाही.

आता ते काम काय होते, हे सांगायला हवे. मला ते पुढे कळले, पण वाचकांची अडचण नको. इंटरनेटवरील पाने ज्यातून उघडतात त्या ब्राउझरची मूळ लिखावट, म्हणजे त्याचा कोड, काही ठिकाणी सर्वांना वाचायला खुली असते. चूक दिसली तर कोणीही कळवू शकते, दुरुस्तीही सुचवू शकते. शाळेला संगणक मिळाले, शिकवायला कोणी नव्हते, म्हणून मॅडम स्वतः शिकल्या. मराठी जोडाक्षरे पडद्यावर तुटून दिसतात, हे त्यांना खटकले. शोध घेता घेता मॅडम त्या लिखावटीपर्यंत पोहोचल्या आणि नऊ वर्षांपूर्वी त्यांनी पहिले जोडाक्षर दुरुस्त करून पाठवले. ते स्वीकारले गेले. तेव्हापासून हे काम त्या विनामोबदला, कोणाला न सांगता करत आल्या.

निवृत्तीनंतर त्यांना एका मराठी पानावर ब्राउझर हटकून बंद पडताना दिसला. विशिष्ट तऱ्हेने रचलेली अक्षरे समोर आली की तो संगणकाच्या स्मृतीत नेमून दिलेल्या जागेच्या बाहेर लिहू लागे. त्या वाटेने जाणकार माणूस परक्या संगणकात शिरू शकला असता. नुसते पान उघडणे पुरे होते. ही खोट जुन्या ब्राउझरमध्येही आहे का, हे पाहण्यासाठी त्या जायस्वालजींच्या दुकानात गेल्या होत्या. खोट त्यांनी ब्राउझरच्या जाणकारांना गुपचूप कळवली, दुरुस्तीही लिहून पाठवली. ती जगभर पोहोचेपर्यंत गप्प राहायचे, हा त्या कामाचा नियम आहे. म्हणून त्या गप्प होत्या.

आठवा दिवस उजाडला. मॅडम अकराला आल्या, सही केली आणि माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"आणखी बारा दिवस लागतीन," त्या म्हणाल्या.

मी विचारले, कोणी थांबवले?

"मीच."

माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की, लॅपटॉपमधील सगळे पुसून झाले आणि आता या बाई गाव सोडणार. मी आवाज चढवला. ठाण्यातील माणसे बघू लागली. मॅडमनी पिशवीतून एक छापील कागद काढून माझ्यापुढे ठेवला. त्यावर फक्त शब्द होते. कार्यालय, सूर्य, अर्ज, अर्जुनी. पण प्रत्येक शब्दातील रफार घसरून भलत्याच अक्षरावर बसला होता. माझ्या गावच्या तालुक्याचे नाव मला ओळखू येईना.

त्यांनी सांगितले ते असे. दुरुस्ती तयार होती, तपासणाऱ्यांनी मान्यही केली होती, आज सुटणार होती. पहाटे त्यांनी ती आपल्या जुन्या फॉन्टवर चालवून पाहिली. खोट बुजत होती, पण रफार हलत होता. तपासणाऱ्यांपैकी कोणाला मराठी वाचता येत नव्हते, त्यांना ते दिसणे शक्यच नव्हते. मॅडम गप्प बसल्या असत्या तर दुरुस्ती आजच सुटली असती आणि त्या आजच मोकळ्या झाल्या असत्या.

"मंग काऊन थांबवली?" मीही गावच्या बोलीवर आलो.

"तुमचा लिपिक आठवला. मराठी बिघडली का तो पुन्हा 'नंतर' दाबीन. त्याच्यासारखे किती असतीन. ज्यांच्यासाठी दुरुस्ती आहे तेच तिले बाहेर ठेवतीन. तं मंग तिचा काय उपयोग, भाऊ?"

त्यांनी मला भाऊ म्हटले ते तेव्हा पहिल्यांदा.

वरिष्ठांनी मला आत बोलावले. ती बाई तुम्हाला खेळवते आहे, असे ते म्हणाले. त्यांचे चूक होते असे मला त्या क्षणीही म्हणता आले नसते. माझ्यापाशी पुरावा म्हणून चार बिघडलेले शब्द होते आणि ते कोणालाही बिघडवता आले असते. तरीही मी लिहून दिले की, बारा दिवसांची जबाबदारी माझी. काही विपरीत घडल्यास विभागीय चौकशीला मी तयार आहे. का लिहून दिले, असे मला पुढे पुष्कळांनी विचारले. सुटका समोर आलेली असताना ती पुढे ढकलणारा माणूस मी ठाण्यात कधी पाहिला नव्हता, एवढेच माझे उत्तर आहे.

लिहून दिले आणि लगेच त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी एक शिपाई उभा केला. हेही सांगितले पाहिजे. मॅडमना ते पहिल्याच दिवशी कळले. त्यांनी त्या शिपायाला उन्हात उभा राहू नको, ओसरीत बस, तिथूनही दार दिसते, असे सांगितले. बारा दिवस तो त्यांच्या ओसरीत बसून त्यांच्यावर पहारा करत होता.

बाराव्या दिवशी मॅडम आल्या त्या रजिस्टरकडे न जाता लिपिकाकडे गेल्या आणि त्याला "नंतर" ऐवजी "आता" दाबण्याची विनंती केली. त्याने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. ब्राउझर बंद झाला, पुन्हा उघडला. मॅडमनी लिपिकाला उठवले नाही, स्वतः कीबोर्डला हात लावला नाही. अर्जुनी मोरगाव लिहा, म्हणाल्या. त्याने लिहिले. रफार जागेवर होता. मग त्यांनी त्याला दुरुस्त्यांची यादी उघडायला सांगितली. मजकूर दाखवण्याच्या भागातील एक गंभीर सुरक्षा त्रुटी दूर केल्याची एक ओळ त्यात होती आणि ती कळवणाऱ्याचे नाव इंग्रजीत दिले होते. मंदाकिनी टेंभरे.

ठाण्यात सगळे मॅडमकडे पाहू लागले. मी मात्र म्हणालो, या नावाची दुसरी कोणी असू शकते. लिपिकाला माझी लाज वाटली. मॅडम म्हणाल्या, "बराबर आहे. तपासा." मी तपासले. सरकारी मार्गाने पत्र गेले, उत्तर आले, मगच चौकशी बंद केली.

जायस्वालजींचा ईमेल कसा ताब्यात गेला, त्याचेही उत्तर सापडले. "आपका ब्राउज़र पुराना हो गया है, यहाँ दबाएँ" अशी पाटी एका पानावर आली होती आणि त्यांनी दाबले होते. खरा अपडेट ब्राउझरच्या स्वतःच्या मेनूत मिळतो, एखाद्या पानावरची पाटी तो देत नसते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. मॅडमचा त्याच्याशी संबंध नव्हता. तरीही चौकशी संपल्याच्या दुसऱ्या सकाळी त्या दुकानात गेल्या. मी तिथेच होतो. त्या म्हणाल्या, "भैया, आपसे पूछे बिना आपकी मशीन पर जाँच की। वह गलती मेरी थी।" जायस्वालजींनी खुर्ची पुढे केली.

मॅडम माफी मागून निघून गेल्या नाहीत. ज्यांची कागदपत्रे त्या ईमेलमध्ये होती त्या प्रत्येकाला कळवले पाहिजे, असे त्यांनी सांगितले. जायस्वालजी घाबरले. दुकान बसेल, म्हणाले. मॅडमनी समजावले की लोकांना तुमच्याकडून कळले तर ते रागावतील, दुसऱ्याकडून कळले तर परत येणार नाहीत. तीन दिवस दोघांनी शेजारी बसून एकेकाला फोन लावले. काही गिऱ्हाइके तुटली. बरीच टिकली. गल्लीतील चार मुलींपैकी दोघी पुन्हा गणिताला येऊ लागल्या. दोघींच्या घरून अजूनही पाठवत नाहीत. मॅडमना त्याचे वाईट वाटते. त्या बोलत नाहीत, पण त्या दोघींच्या वयाच्या मुली रस्त्यात दिसल्या की स्कूटीचा वेग कमी होतो, हे मी पाहिले आहे.

त्यानंतर मी त्यांचा विद्यार्थी झालो. सुटीच्या दिवशी आम्ही गावागावांत जातो. मॅडम लोकांना ब्राउझर अद्ययावत ठेवायला आणि कोणावर पटकन विश्वास न ठेवायला शिकवतात. मी दुसऱ्या विषयात आधीपासून पास होतो. आजही मॅडमच्या नंबरवरून एखादी लिंक आली तर मी ती उघडत नाही. फोन करतो, आवाज ऐकतो, मग विचारतो. त्यांना ते आवडते. या ग्रंथासाठी लेख मागणारा संदेश आला तेव्हाही मी संपादकांना दोनदा फोन केला आणि खात्री होईना म्हणून प्रत्यक्ष जाऊन आलो. त्यांना तो अपमान वाटला असल्यास क्षमा मागतो.

लेखाचा पहिला खर्डा मी मॅडमना दाखवला. त्यांनी पेन्सिलीने तीन वाक्ये खोडली. तिन्ही स्तुतीची होती. समासात एकच शब्द लिहिला होता : पुरावा? शिवाय जायस्वालजींना न विचारता केलेली चूक लेखात हवीच, असे बजावले. ती वर आली आहे.

मागच्या महिन्यात आम्ही केशोरीला शाळेच्या व्हरांड्यात बसलो होतो. बचत गटाच्या बायांचे मोबाइल मॅडम एकेक करून पाहत होत्या. प्रत्येकीला स्वतःच बटण दाबायला लावत होत्या. एका वयस्क बाईने आपला मोबाइल पदराने पुसला आणि विचारले, "आता तं काई भेव नाई ना, बाई?"

मी मनात म्हटले, आता तरी या हो म्हणतील. मॅडमनी तो मोबाइल हातात घेतला, पुन्हा एकदा पाहिला आणि परत दिला.

"आज नाई," त्या म्हणाल्या. "उद्याचं उद्या पाहू."

मॅडम साठ वर्षांच्या झाल्या. त्यांच्या गुडघ्यांना बळ मिळो, डोळ्यांना बारीक अक्षर दीर्घकाळ दिसत राहो आणि प्रकृती शंभरीपर्यंत धडधाकट राहो. आमच्यासाठी मागणे एवढेच की, उद्याचे पाहायला उद्याही मॅडम असाव्यात, आणि परवाचे पाहायला परवाही.